बाजूच्या सीटवरचा काटा

पप्पांच्या पिकअपचं स्पीडोमीटर मी आठवीत असल्यापासून बंद होतं. गाडी नॅशनल हायवेवर धावत असली तरी काटा शून्यावर निवांत पडलेला असायचा. कुणी नवीन माणूस बाजूला बसला की त्याची नजर तिकडे जायची आणि तो हळूच विचारायचा, "मीटर चालत नाही का?" पप्पा म्हणायचे, "गाडी तं चालते ना?"

आमचं घर आदिलाबादला. घरात मराठी, बाजारात तेलुगू, चर्चमध्ये मिस्सा तेलुगूतून, फादर केरळचे, आणि रात्रीची रोझरी पुन्हा मराठीत. पप्पा भाड्याने माल नेतात. कधी कापूस, कधी तुरीची पोती, लग्नसराईत मंडपाच्या खुर्च्या. एवढी वर्षं काट्याशिवाय गाडी कशी चालवली, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, तिसऱ्या गिअरात इंजिनचा आवाज अमुक असला की चाळीस. चौथ्यात पाय इतका दाबला आणि रस्ता सपाट असला की पन्नास. गाडी भरलेली असली तर तोच पाय, तोच आवाज, पण पाच कमी. "काट्याले काय समजते, पोरी? तो फक्त सांगते. गाडी तं पायात असते."

मला हे थोतांड वाटलं. दहावीच्या सुट्टीत मी शाळेचं घड्याळ घेऊन किलोमीटरचे दगड मोजायला बसले. पप्पा म्हणाले, आत्ता पन्नास. पन्नासच्या वेगाने एका किलोमीटरला ७२ सेकंद लागतात. मला ७४ लागले. पुढच्या दगडाला ७३. मग मी घड्याळ खिशात टाकलं आणि शेंगा खात बसले.

गेल्या डिसेंबरात गाडीचं पासिंग आलं आणि मीटर दुरुस्त करणं भाग पडलं. मिस्त्रीने केबल बदलली, आतलं दात्यांचं चाक बदललं, काटा उठून उभा राहिला. पप्पा लहान मुलासारखे खूश. त्या चाकाच्या दात्यांची संख्या आमच्या गाडीची नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. काटा हलत होता, वेगाबरोबर वर-खाली होत होता, फक्त खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवत होता. पूर्ण मेलेला काटा बरा, असं मला आता वाटतं. त्याच्यावर कुणी विसंबत तरी नाही.

नाताळच्या तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं निर्मलला निघालो. मागे मंडपाच्या खुर्च्या, माझ्या मांडीवर मावशीसाठी करंज्यांचा आणि केकचा डबा. आमच्याकडच्या डिसेंबरची थंडी मुंबईच्या मित्रमैत्रिणींना सांगून पटत नाही. धुकं इतकं होतं की पुढची वळणं कळावीत म्हणून मी मोबाइलवर नकाशा उघडून ठेवला होता. वाटेत पप्पा एकदा म्हणाले, "इंजिनचा आवाज वाढला वाटते. माउंटिंग दाखवा लागन." मी हं केलं. निर्मलच्या अलीकडचा घाट सुरू झाला. उतार. पप्पांनी काट्याकडे बघितलं. चाळीस. माझ्या मोबाइलच्या कोपऱ्यात छोट्या गोलात आकडा होता, ६२.

मी तो आकडा बघितला. एक वळण गेलं, अजून एक गेलं. आकडा ६० झाला, ६३ झाला. मला वाटलं, डोंगरात नेटवर्क नसतं, मोबाइल काहीतरी दाखवत असेल. मग वाटलं, पप्पा चालवताहेत, त्यांच्यापुढे मीटर आहे, नवीन आहे. मग वाटलं, विचारावं का. माझ्या डोक्यात हे सगळं मराठीत, पूर्ण वाक्यांत, अगदी व्यवस्थित चालू होतं. पुढच्या वळणाला गाडी वळली नाही.

डोंगराच्या बाजूच्या नालीत गेलो, दरीच्या बाजूला नाही. पप्पांचा उजवा हात मोडला. मला कपाळाला तीन टाके. खुर्च्या रस्ताभर. करंज्या शाबूत, हे आई अजून सगळ्यांना सांगते.

संध्याकाळी मावसभाऊ दवाखान्यात आला. दादा पायलटचं शिकतोय. लायसन्स झालंय, आता मोठ्या विमानाचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण चालू आहे, त्याच्या कर्जाची गोष्ट आमच्या नातेवाइकांत दबक्या आवाजात केली जाते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाहेर व्हरांड्यात विचारलं, "तू बाजूला होतीस. तुला काही जाणवलं नाही?"

"धुकं होतं," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आमच्याकडे याला अनरिलायबल एअरस्पीड म्हणतात. मागच्याच महिन्यात सिम्युलेटरमध्ये माझं हेच झालं." मला विषय बदलल्याचं बरं वाटलं, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. पुढच्या चार दिवसांत त्याने जे सांगितलं आणि मी जे वाचलं, ते इथं माझ्या भाषेत देते. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, पदार्थविज्ञान दहावीतच सोडलंय. तरीही हे कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

विमानाला चाकांवरून वेग कळत नाही, हवेवरून कळतो. नाकाजवळ बोटभर जाडीच्या नळ्या पुढे तोंड करून बसवलेल्या असतात. समोरून येणारी हवा तिथं घुसते, तिचा दाब मोजला जातो. विमानाच्या अंगावर बाजूला बारीक भोकं असतात, तिथं भोवतालच्या स्थिर हवेचा दाब मिळतो. दोन्हींतला फरक म्हणजे वेग. या नळीला पिटो ट्यूब म्हणतात. हेन्री पितो नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १७३२ मध्ये पॅरिसच्या सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला ही नळी वापरली होती. विमान त्याच्या स्वप्नातही नसणार. आमच्या पैनगंगेत बांबू धरून पूर मोजणाऱ्या माणसाची कल्पना करा, म्हणजे झालं.

मोठ्या विमानात अशा तीन स्वतंत्र व्यवस्था असतात. एक कॅप्टनच्या काट्यासाठी, एक सहवैमानिकाच्या, एक राखीव. म्हणजे एक चुकली तर दोन आहेत. ऐकायला छान वाटतं.

नळी बंद कशाने होते? उंचावर बर्फाने. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली, त्याची सुरुवात पिटो नळ्यांत साचलेल्या बर्फाच्या स्फटिकांपासून झाली होती. जमिनीवर असताना लावलेलं झाकण काढायचं राहून गेल्याने. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं विमान नळ्यांवरची झाकणं तशीच ठेवून उडालं आणि परत येऊन उतरलं. आणि किड्यांनी. दादा म्हणाला, "मातीचं घर करणारी माशी असते ना, कुलपाच्या भोकात घर करते ती." कुंभारीण! आमच्या घराच्या मागच्या दाराचं कुलूप तिने दोनदा बुजवलंय, आईने केसांच्या पिनेने कोरून काढलंय. त्या कुंभारणीला दोनशे माणसांचं विमान आणि आमचं मागचं दार यांत काही फरक वाटत नसावा.

आता यातली खरी मेख. नळी पूर्ण बुजली, तिचं पाणी निघायचं भोकही बुजलं, तर काटा बंद पडतो असं आपल्याला वाटेल. धावपट्टीवर तो बंदच असतो. पण विमान वर चढू लागलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो आणि नळीत कोंडलेला दाब तसाच राहतो. दोन्हींतला फरक वाढत जातो आणि काटा वर चढतो. विमानाचा वेग वाढलेला नसताना, कदाचित कमी होत असताना, काटा सांगतो की वेग वाढतोय. काटा जिवंत दिसतो. मला लगेच आमच्या मिस्त्रीचं चाक आठवलं.

आणि विमानात त्या काट्यावर फक्त माणूस विसंबलेला नसतो. ऑटोपायलट तोच आकडा खातो. वेग फार झाला असं समजून तो नाक वर करतो, ऑटोथ्रॉटल इंजिनची ताकद कमी करतो. खरा वेग आणखी घटतो. पंखांना धरून ठेवायला पुरेशी हवा उरत नाही.

मग अशा वेळी करायचं काय? दादाने सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण मला ते कवितेच्या ओळींसारखं पाठ करण्याजोगं वाटलं, आणि खरंच ते पाठच करायचं असतं. पुस्तक उघडायला वेळ नसतो. त्याच्या एअरबसमध्ये, विमानाच्या सुरक्षेला धोका वाटला की आधी ऑटोपायलट बंद. ऑटोथ्रस्ट बंद. फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे नाक कुठे ठेवायचं हे पडद्यावर दाखवणाऱ्या दांड्या, त्याही बंद. मग फक्त दोन गोष्टी हातात धरायच्या, नाकाचा कोन आणि इंजिनची ताकद. उड्डाणानंतर लगेच असाल, इंजिनं अजून टेकऑफच्या ताकदीवर असतील, तर नाक १५ अंश वर आणि ताकद पूर्ण. त्यापुढे १०,००० फुटांपर्यंत १० अंश आणि चढायची ताकद. त्याहून वर ५ अंश. फ्लॅप जसे आहेत तसे राहू द्यायचे, चाकं वर घ्यायची. सुरक्षित उंचीवर पोचलात की विमान सपाट करायचं, मग पुस्तक काढायचं. त्यात वजनानुसार तक्ते असतात, इतका कोन आणि इतकी ताकद म्हणजे इतका वेग. तिथं बसून तिन्ही काट्यांत खरा कोण, हे शोधायचं. उपग्रहावरून मिळणारी उंची आणि जमिनीवरचा वेगही ताडून बघता येतो.

मी वहीतून मान वर केली. "म्हणजे तिसऱ्या गिअरात अमुक आवाज म्हणजे चाळीस."

दादा हसला. "हो. काका तेच करत होते. मीटर दुरुस्त होईपर्यंत."

पप्पा पलीकडच्या खाटेवर हात गळ्यात बांधून पडले होते. त्यांना झोप लागली असं आम्हाला वाटत होतं. डोळे न उघडता ते म्हणाले, "आवाज येत होता ना मले. मी म्हटलं माउंटिंग गेली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांचा कान बरोबर सांगत होता. पण समोर नवा काटा होता, म्हणून त्यांनी कानाला चूक ठरवलं आणि आवाजासाठी दुसरं कारण शोधलं. दादाने सांगितलेल्या कृतीतलं अवघड काम मला तेव्हा कळलं. १५ अंश धरणं अवघड नसेल, शिकलेला माणूस धरतो. आधीची तीन बटणं बंद करणं अवघड. जे यंत्र रोज खरं बोलतं, त्याला आज, या मिनिटाला, चारशे-पाचशे फुटांवर असताना, "तू गप्प बस" म्हणायचं.

यातली सगळ्यात प्रसिद्ध घटना ६ फेब्रुवारी १९९६ ची. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून बर्गनएअर या तुर्की कंपनीचं बोइंग ७५७ रात्री जर्मनीकडे निघालं. ते विमान जवळपास तीन आठवडे उभं होतं, पिटो नळ्यांवर झाकणं नव्हती. कुंभारणीवरच संशय आहे, नळ्या समुद्रातून मिळाल्या नाहीत. धावपट्टीवरच कॅप्टनच्या लक्षात आलं की आपला काटा चालत नाही. तरीही उड्डाण केलं. वर चढताना काटा जिवंत झाला आणि चढतच गेला. ऑटोपायलट कॅप्टनच्या बाजूचाच आकडा घेत होता, त्याने नाक वर केलं. वेग फार झाल्याचा इशारा वाजला, पाठोपाठ वेग फार कमी झाल्याचा. १८९ माणसं गेली.

बाजूला बसलेल्या सहवैमानिकाचा काटा बरोबर होता. आणि तो बोलला होता. माझ्याकडे दोनशेच आहे आणि कमी होतोय, अशा अर्थाचं, शेवटी 'सर' लावून. कॅप्टनने निष्कर्ष काढला की दोन्ही काटे चुकलेत. तिसराही होता.

मी त्या 'सर'वर फार विचार केला. भाषेचं शिकणाऱ्या माणसाची ही खोड. माहिती पूर्ण होती, बरोबर होती, वेळेवर होती. पण ती नोंद होती. "तुमचा काटा सोडा, माझा बघा" असं ते वाक्य नव्हतं. दादा म्हणाला, आता आमच्याकडे जो चालवत नाही त्याचं कामच बघणं आणि बोलणं हे आहे. धावपट्टीवर शंभर नॉटला एकाने मोठ्याने "वन हंड्रेड" म्हणायचं, दुसऱ्याने आपल्या काट्यावर बघून "चेक्ड" म्हणायचं. जुळलं नाही तर तिथंच, जमिनीवर असतानाच, थांबता येतं. मला मिस्सा आठवली. फादर म्हणतात, लोक उत्तर देतात. आम्ही लहानपणापासून ते झोपेत म्हणावं तसं म्हणतो, पण उत्तर आलंच नाही तर फादर मान वर करून बघतीलच. (आमचे फादर तर नक्की बघतात.)

हे ऐकत असताना मी दादाला सांगायला हवं होतं. तो पुन्हा विचारणारही नव्हता. मी वही मिटली आणि चहा आणायला गेले.

३० डिसेंबरला नंदीग्राम एक्स्प्रेस पकडून मी मुंबईला परत आले, कॉलेजचं सबमिशन होतं. पप्पा हात गळ्यात घेऊन स्टेशनवर आले होते. गाडी सुटताना म्हणाले, "पोचली की फोन कर." दादाने निघताना एक गोष्ट सांगितली होती. "मुंबईत आहेस तर वांद्र्याला जाऊन ये. १ जानेवारीला. तिथं समोर सम्राट अशोक पडलंय."

मला वाटलं, जहाजाबद्दल बोलतोय. नव्हे. 'सम्राट अशोक' हे एअर इंडियाचं पहिलं जम्बो, बोइंग ७४७, १९७१ मध्ये आलेलं. १ जानेवारी १९७८, रविवार, रात्रीची वेळ. सांताक्रूझहून दुबईला निघालेली फ्लाइट ८५५. २१३ माणसं. आदल्या वर्षी मुलाबाळांना भेटून आखातात कामाला परत जाणारी माणसं त्यात असणार, असं मला सारखं वाटतं, कारण त्या वर्षांत दुबईची विमानं त्यांनीच भरलेली असायची. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

इथं चुकला तो वेगाचा काटा नव्हता, हे सांगायला हवं. चुकलं ते कृत्रिम क्षितिज. विमान किती कललंय हे दाखवणारं, अर्धं निळं अर्धं तपकिरी असं ते यंत्र. पण गोष्ट तीच. किनारा ओलांडताना विमान हलकेच उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. कॅप्टनचं क्षितिज मात्र उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. समोर काळा समुद्र, काळं आकाश, खरं क्षितिज कुठेच नाही. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. विमान जवळजवळ उलटं होईपर्यंत.

कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग सापडलं होतं. कॅप्टन आश्चर्याने म्हणतात की माझ्या यंत्राला काहीतरी झालं. सहवैमानिक म्हणतो, माझंही कोलमडलं. त्याचं यंत्र बहुधा बरोबर होतं. विमान खरंच भयंकर कललं होतं, म्हणून ते तसं दिसत होतं. दोघांनी आपापलं यंत्र बिघडलं असं धरलं, एकाच्या बाबतीत ते खरं होतं आणि दुसऱ्याच्या बाबतीत बहुधा नव्हतं. मागे तिसरा माणूस बसला होता, फ्लाइट इंजिनियर अल्फ्रेडो फारिया, ५३ वर्षांचे. त्यांना दोन्ही यंत्रं दिसत होती. शेवटच्या काही सेकंदांत ते इंग्रजीत म्हणाले, डोन्ट गो बाय दॅट वन. आणि लगेच पुन्हा तेच.

नंतर अमेरिकेत यंत्र बनवणाऱ्यांवर आणि बोइंगवर दावे झाले, ते टिकले नाहीत. दोष वैमानिकाकडे गेला. मला त्यावर मत देता येत नाही. १०१ सेकंदांवर न्यायालयात काही वर्षं विचार करता येतो, एवढंच मला दिसतं.

१ जानेवारीला संध्याकाळची मिस्सा करून मी वांद्र्याला बँडस्टँडला गेले. नवीन वर्षाची गर्दी. फुगे, आइस्क्रीम, शाहरुखच्या घरासमोर मोबाइल वर धरून उभी असलेली पोरं. मी खडकांच्या बाजूला कठड्यावर बसले. ४८ वर्षं झाली होती. समुद्राकडे बघून काही कळत नाही, कळेल असं वाटलंही नव्हतं. वरून विमानं जात होती. मी फारियांच्या वाक्याचं मराठी करत बसले. 'त्याच्यावर जाऊ नका.' 'त्याचं खरं धरू नका.' 'ते बघू नका.' एकही जमेना. शेवटी आई पप्पांना कसं म्हणाली असती, असा विचार केला. "अहो, ते सोडा!" तीन शब्द. घाटात एवढंच पुरलं असतं.

मिस्सेच्या सुरुवातीला आम्ही पापांची कबुली देतो, त्यात विचाराने, शब्दाने, कृतीने केलेलं येतं आणि शेवटी जे करायचं राहिलं तेही येतं. हे चौथं मी आजवर गाळलेल्या जागेसारखं म्हणत आले. काय राहिलं असणार माझं? अभ्यास, फार तर. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला तिथं भरायला एक आकडा होता.

मी तिथूनच फोन लावला. पप्पांनी डाव्या हाताने उचलला, मागे आईचा टीव्ही.

"पप्पा, घाटात माझ्या मोबाइलवर ६२ दाखवत होतं."

बराच वेळ टीव्हीच ऐकू आला.

"कव्हापासून?"

"उतार लागला तेव्हापासून. चार-पाच वळणं."

"मंग बोलली काहून नाही?"

मी खूप कारणं तयार ठेवली होती. नेटवर्क, धुकं, नवं मीटर. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही चालवत होता."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत, हे जास्त अवघड गेलं. "बासष्ट," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे आवाज बरोबर होता." मग म्हणाले, "तुझ्या आईले सांगू नको आत्ताच," आणि फोन ठेवला. आईला त्यांनीच त्या रात्री सांगितलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मागच्या महिन्यात मी घरी गेले. आमच्या जुन्या हवाईपट्टीची पुन्हा चर्चा आहे. निजामाच्या काळातली ती पट्टी, हवाई दलाची जागा. गेल्या वर्षी तिथं नागरी विमानतळाला हवाई दलाची संमती मिळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून रिक्षावाल्यापासून सगळे विमानाच्या तिकिटाचे दर सांगतात. लहानपणी पप्पांनी मला सायकल शिकवली ती त्याच भागात. दादा म्हणतो, एक दिवस मी इथं उतरेन. मावशी म्हणते, आधी कर्ज उतरव.

पप्पांचा हात बरा आहे, गिअर टाकताना अजून कळ येते. मीटर दुसऱ्या मिस्त्रीने बरोबर चाक टाकून नीट केलंय. आम्ही किलोमीटरच्या दगडांवर तपासलं, घड्याळ लावून, दोनदा. तरीही निर्मलला निघालो तेव्हा पप्पांनी माझा मोबाइल डॅशबोर्डवर चिकटवला आणि म्हणाले, "घाट लागला की सांगत राय."

घाट लागला. "अडतीस," मी म्हणाले. त्यांनी काट्याकडे बघितलं. "हाव." वळण. "पस्तीस." "हाव." "छत्तीस. सदतीस. सदतीस. पप्पा, एकोणचाळीस."

"अवं, दर मिनिटाले नको सांगू," पप्पा म्हणाले. "मले आवाज ऐकू दे जरा."

मी पुढच्या वळणापर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, "एक्केचाळीस."

"हाव," ते म्हणाले आणि गिअर खाली घेतला.